दोन बोटांची ढील

ट्रॅक्टर फाटकाच्या डाव्या भिंतीला घासला तेव्हा त्याच्या बॉनेटवर कागदाची बावीस फुलं होती आणि घरातली बाकीची चारही माणसं अंगणात उभी होती. त्यामुळे कुणी काही पाहिलंच नाही, असं म्हणायची सोय उरली नाही.

एर्मेलिंदोंनी इंजिन बंद केलं. खाली उतरले आणि मडगार्डला धरून क्षणभर तसेच उभे राहिले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, अंगात ठेवणीतला कोट, डोक्याला नवी हॅट. मग त्यांनी किल्ली काढली, रुमालाने पुसली आणि अंगणातल्या टेबलावर, सलामी-सॉसेजच्या ताटलीशेजारी ठेवली.

"शब्द दिला होता," ते थोरल्या मुलाला म्हणाले. "घे."

वाल्मीरने किल्लीला हात लावला नाही. माते नावाच्या कडू चहाचा पेला हातात धरून तो नुसता बघत राहिला. महिन्यातले पंचवीस दिवस ट्रकवर असणारा हा माणूस वाहनचालकांचा पाठीराखा संत क्रिस्टोफर याच्या सणाला, म्हणजे जुलैअखेर, इथल्या ऐन थंडीत, मात्र न चुकता घरी येतो. त्या दिवशी खाली दरीतल्या चॅपेलसमोर पाद्री ट्रकवरही पाणी शिंपडतो आणि ट्रॅक्टरवरही, आणि या घरची दोन्ही वाहनं दर वर्षी एकामागे एक उभी असतात.

शब्दाची गोष्ट ईस्टरची. त्याआधी फेब्रुवारीत, द्राक्षं उतरवायच्या धांदलीत, शेजारचा त्रांक्विलो वरच्या उतारावर ट्रॅक्टरखाली गेला. एर्मेलिंदोंच्याच वयाचा, त्यांच्याच शाळेतला. वाल्मीरला ते दोन हजार किलोमीटरवर, एका पेट्रोल पंपावर कळलं. फोनला रेंज नव्हती. 'म्हातारा ट्रॅक्टरखाली गेला' एवढं ऐकू आलं आणि लाइन तुटली. परत फोन लागेपर्यंत अर्धा तास गेला. तो अर्धा तास त्याने बाप गेल्याचं धरून काढला होता. ईस्टरला जेवणाच्या टेबलावर त्याने सरळ किल्ली मागितली. बरीच आदळआपट झाली आणि शेवटी एर्मेलिंदो म्हणाले, "ज्या दिवशी ट्रॅक्टर माझ्या हातून सुटेल त्या दिवशी किल्ली तुझ्यापुढे ठेवीन. तोवर कुणी हा विषय काढायचा नाही." बापलेकांनी हातात हात दिला होता.

किल्ली गेली की म्हाताऱ्याचा मळाही गेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वेली सगळ्या चढावर. तिथे पायी जाऊन यायचं तर तरण्याचीसुद्धा दमछाक होते. ट्रॅक्टर नसला तर एर्मेलिंदोंना राहिली ती चुलीजवळची खुर्ची आणि खिडकी.

धाकटी सून मार्ली फाटकाशी उभी होती. तिच्या हातात तेविसावं फूल होतं, ते आता लावायचं की नाही ते तिला कळेना. तेवढ्यात तिच्या नाकाला तो वास लागला. डाव्या मागच्या चाकाकडून येत होता, जळका, कडवट. आणि डाव्या ब्रेकचा नट जूनमध्ये तिनेच आवळला होता.

मार्लीच्या माहेरी दुरुस्तीचं शेड. वडील जर्मन स्थलांतरितांच्या वस्तीतले, हाताने पक्के आणि तोंडाने फटकळ. ते सांगायचे, ब्रेकच्या पेडलला दोन बोटं ढील पाहिजेच. तेवढं रिकामं दाबलं गेलं पाहिजे आणि मग ब्रेक धरला पाहिजे. ढील काढून टाकलीस तर ब्रेक सुटायचाच नाही. हे सगळं तिला पाठ होतं. पण जूनमध्ये तिने सासऱ्यांना ओळीच्या टोकाला वळताना पाहिलं. या मळ्यात वळण नेहमी डावीकडे, भिंतीला लागून. डाव्या चाकाचा ब्रेक धरायचा की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो; दोन्ही चाकांची ब्रेकची पेडलं उजव्या पायाशीच असतात. म्हाताऱ्याने उजवा पाय ठेवला आणि तो पेडलवर नुसता राहिला. दाबला जाईना. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा खाली रेटला. वळून झाल्यावर आजूबाजूला बघितलं, कुणी पाहिलं का. मार्ली वेलींच्या आड वाकून बसली होती. त्या संध्याकाळी तिने पाना घेतला आणि नट दोन फेरे आवळला, म्हणजे पेडल वरच धरेल, फार दाबावं लागणार नाही. ढील उरली अर्धं बोट. एवढ्याने काय होतंय, असं म्हणून ती कणीक मळायला गेली. नवऱ्यालाही बोलली नाही.

आता बोलावं, तर काय बोलावं? नट मी आवळला म्हटलं, तर का हे सांगावं लागणार. का हे सांगितलं, तर म्हाताऱ्याचा पाय चव्हाट्यावर येणार आणि किल्ली दुप्पट वेगाने जाणार. आणि गप्प राहिलं तर ट्रॅक्टर त्यांच्या हातून सुटला हेच खरं ठरणार. काही केल्या सुटका नाही अशा जागी ती उभी होती.

"डावा ब्रेक चिकटलाय, म्हणून ट्रॅक्टर डावीकडे ओढला गेला," ती शेवटी म्हणाली. "दादा, वास येतोय बघा. बाबांच्या हातून काही झालेलं नाही."

"चिकटला कशाने?" वाल्मीर म्हणाला. "उतरताना सारखा पाय ठेवून ठेवून चिकटला. ट्रकवर नवशिके असंच करतात."

"मी चाळीस वर्षांत ब्रेकवर पाय ठेवून उतरलो नाही," एर्मेलिंदो म्हणाले. "पण ते राहू दे. शब्द शब्द असतो."

"मी काय म्हणतो," इदासीर मध्ये पडला. हा मार्लीचा नवरा, घरातला धाकटा. छाटणीची कात्री हातात असली तर राजा, थोरल्या भावापुढे मात्र निम्मी वाक्यं गिळणारा. "आपण ट्रकने ओढून... म्हणजे खालपर्यंत..."

"ओढून?" स्वयंपाकघराच्या दारातून एर्मेलिंदोंच्या बायकोचा, जेनोएफाबाईंचा आवाज आला. त्या पळी घेऊनच बाहेर आल्या होत्या. "पाद्र्याच्या पुढे दोरीला बांधून नेणार? म्हशीसारखा? आत्ता आठ वाजलेत. मिरवणूक दहाला. दहापर्यंत ते चाक फिरलं पाहिजे. किल्लीचं भांडण जेवताना करा, सूप गरम असताना."

वाल्मीरने चहाचा पेला टेबलावर ठेवला. या घरात एर्मेलिंदोंचा शब्द चालतो असं एर्मेलिंदोंना वाटतं, एवढंच.

मार्लीने सणाच्या स्कर्टवरून इदासीरची मळकी पँट चढवली. तिघांनी मिळून ट्रॅक्टर सपाटीवर ढकलला. तो डाव्या चाकावर असा अडून बसत होता, की वाल्मीरच्या इस्त्रीच्या शर्टाची पाठ भिजली. पुढच्या चाकांना दगड लावले, मागे जॅक लावला. उजवं चाक हाताने गरगर फिरलं. डावं जागचं हलेना.

ती ट्रॅक्टरखाली सरकली. नट समोरच होता. त्याला अडकवून ठेवणारा लॉकनट सैल करायचा आणि नट दोन फेरे मागे आणायचा, अर्ध्या मिनिटाचं काम. मग वर येऊन म्हणायचं, कचरा अडकला होता. तिने पाना लावलासुद्धा.

"थांब."

वाल्मीर तिच्याशेजारी उकिडवा बसून आत बघत होता. त्याच्या हातात टॉर्च होती.

"हे आटे बघ. सगळा रॉड चिखलाने काळा आणि एवढेच आटे चकचकीत. कुणीतरी आत्ता आत्ता आवळलाय." तो उठला. "इदासीर. ट्रॅक्टर तू बघतोस ना?"

"मी? मी नाही... मी हात पण..."

"मग आपोआप आवळला? ब्रेक आवळून ठेवलास आणि त्यावर बापाला बसवलंस. फाटकाला भिंत होती म्हणून घासून थांबला. वर मळ्यात असता तर? त्रांक्विलोच्या वेळी शवपेटी खांद्यावर घेतली होतीस ना तू? विसरलास?"

इदासीर पांढराफटक पडला. तो दोन पावलं मागे सरकला. मार्लीला ते बघवलं नाही. ती खालून बाहेर आली, केसांत माती, हातात पाना.

"मी आवळला," ती म्हणाली. "त्याला माहीतसुद्धा नाही."

"तू? का?"

"पेडल फार खाली जात होतं."

"जात होतं का रे?" वाल्मीरने भावाला विचारलं.

इदासीरला खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून हीच त्याची पंचाईत. "मला तर... ठीक होतं," तो बायकोकडे बघत म्हणाला.

"मग का आवळलास, मार्ली?"

सासऱ्यांकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं आणि नेमकी नजर तिकडेच गेली. ते टेबलाला टेकून उभे होते, सगळा भार डाव्या पायावर.

"हे बघ," वाल्मीरचा आवाज खाली आला, आणि तो खाली आलेला आवाज मार्लीला जास्त लागला. "तुला कळतं त्यातलं, मान्य आहे. म्हणून तर जास्त राग येतो. तुझ्या हातून हे व्हायला नको होतं."

खरंच होतं ते. ती परत खाली गेली, नट मागे घेतला, वर येऊन चाकाला हात लावला. चाक तरीही हलेना.

"आता?" जेनोएफाबाईंनी विचारलं.

"आत अडकलंय. झाकण उघडावं लागेल."

वाल्मीरने बाह्या सरसावल्या आणि दुसरा पाना घेतला. भांडण आपल्या जागी आणि काम आपल्या जागी, ही या घराची जुनी रीत. दोघांनी मिळून बोल्ट काढले. झाकण सुटलं तसा आतून तांबूस चिखल खाली सांडला. ब्रेकच्या चकत्या ओल्या होत्या. मधे दोन जाड प्लेटा, त्यांच्यामध्ये छर्रे. पेडल दाबलं की छर्रे आपापल्या खळग्यांतून वर चढतात, प्लेटा फाकतात आणि चकत्यांना धरतात. सोडलं की छर्रे खाली घसरतात. इथे ते वर चढले होते आणि तिथेच गंजून बसले होते. मार्लीने एकाला स्क्रू ड्रायव्हरने टोचलं, तो हलला नाही.

"पाणी," वाल्मीर म्हणाला. "इतकं पाणी आलं कुठून?"

"माझ्याकडून."

सगळ्यांनी वळून बघितलं. एर्मेलिंदो टेबल सोडून सावकाश जवळ आले होते.

"आठवडा झाला, मिरवणुकीसाठी धुतला. इतका वेळ पाइप धरला, की तुझी आई ओरडली, विहीर आटवतोस का म्हणून. डावी बाजू भिंतीकडची, तिथे चिखल जास्त. तिथे तर पाइप आत घालूनच धरला. आणि मग पेडलं दाबून अडकवून ठेवली, ट्रॅक्टर घसरू नये म्हणून. आठ दिवस तसाच. हा थंडीचा पाऊस, हे धुकं. गंजणार नाही तर काय."

"पण आशीर्वादाला जायचं म्हणजे धुवायलाच पाहिजे," इदासीर म्हणाला. "सगळेच धुतात."

"धुतात. आणि ऑगस्टभर सगळेच ब्रेकच्या नावाने रडतात," मार्ली पुटपुटली. आणि मग घाईने, "पण बाबा, तुम्ही नुसतं धुतल्याने एवढं झालं नसतं. नट आवळला नसता तर..."

"नट माझ्या पायासाठी आवळलास ना?"

मार्लीच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला.

"मे महिन्यापासून हा पाय गुडघ्याखाली झोपलेला असतो," एर्मेलिंदो म्हणाले. बोलत होते वाल्मीरशी, बघत होते ट्रॅक्टरकडे. "कधी जागा होतो, कधी नाही. पेडल तळापर्यंत जात नव्हतं. मग जूनमध्ये एके दिवशी बसलो, तर पेडल आपणहून पायाकडे वर आलेलं. मला पहिल्याच वळणाला कळलं. म्हटलं, घरात कुणीतरी माझा पाय बघतंय आणि बोलत नाहीये." ते थांबले. "मला फार बरं वाटलं तेव्हा. म्हणून मीही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं. आज भिंतीला लागलं, ते तिच्यामुळे नाही, माझ्या गप्प बसण्यामुळे."

वाल्मीरने हातातला पाना खाली ठेवला.

"पायाचं मला माहीत आहे," जेनोएफाबाई हळूच म्हणाल्या. "झोपेत मी त्याच्यावर उशी ठेवते. गार पडतो. मला वाटत होतं, मला एकटीलाच माहीत आहे."

"वरच्या ओळींची फवारणी," इदासीर म्हणाला, "या वर्षी मी मागून घेतली ना. म्हटलं होतं, मला सवय हवी म्हणून. ते... त्याच्यासाठीच."

मार्ली नवऱ्याकडे बघत राहिली. एका छपराखाली चार माणसं, आणि चौघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवून ठेवली होती. तिला हसू येत होतं.

वाल्मीर मात्र जॅकच्या खोक्यावर बसला होता. शर्टाला गंज लागला होता, आणि आपला चेहरा कुणी पाहू नये असं त्याला वाटत होतं.

"म्हणजे मलाच माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मी दर रविवारी फोन करतो. विचारतो, सगळं ठीक ना. सगळे म्हणतात, ठीक."

"तू लांब असतोस, बाळा," जेनोएफाबाई म्हणाल्या. "लांबच्या माणसाला असल्या गोष्टी सांगवत नाहीत."

"लांबच्या माणसालाच जास्त लागतात, आई." त्याने डोळे पुसले, तेही बाहीने, त्यामुळे गालाला गंज लागला. "मी अर्धा तास बाबांशिवाय काढलाय. तुम्हाला कुणाला ठाऊक नाही तो."

एर्मेलिंदो त्याच्याजवळ गेले आणि आपली नवी हॅट काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. लहान असताना तो रडला की ते असंच करायचे. मग म्हणाले, "पॉलिश पेपर कुठे आहे? साडेआठ वाजले."

त्यानंतर काम भराभर झालं. वाल्मीर खळगे आणि छर्रे घासायला बसला, एकेक छर्रा बोटांत फिरवून उजेडात बघत होता, आईने लहानपणी तांदूळ निवडायला बसवल्यासारखा. इदासीरने जुन्या स्प्रिंगा ताणून पाहिल्या. एक लुळी पडली होती, तिच्या जागी घरामागच्या शेडमधून दुसरी शोधून लावली. ओल्या चकत्या मार्लीने कापडाने पुसल्या, पण ओल जाईना. तेव्हा जेनोएफाबाईंनी त्या तिच्या हातातून घेतल्या आणि चुलीच्या पत्र्यावर, सूपच्या भांड्याला लागून मांडल्या.

"आई, तेलाचा हात लावू नका हां त्यांना," मार्ली बाहेरून ओरडली.

"पन्नास वर्षं स्वयंपाक करतेय मी. काय तळायचं आणि काय सुकवायचं ते कळतं."

साडेनऊला सगळं परत जागेवर बसलं. मार्ली पेडलशी गुडघ्यावर बसली, नट फिरवत. "दोन बोटं," ती म्हणाली आणि पेडलखाली आपली बोटं धरली.

"कुणाची दोन बोटं?" एर्मेलिंदोंनी विचारलं. "तुझी? ही काड्यांसारखी?"

"माझ्या वडिलांची, खरं तर."

"मग माझी घे. त्यांच्याइतकी आहेत." आणि त्यांनी वाकून आपली दोन बोटं तिथे धरली, द्राक्षाच्या डागांनी कायमची काळी झालेली. मार्लीने नट त्या बोटांना बेतून ठेवला आणि लॉकनट घट्ट केला. मग उजव्या पेडलची ढीलही त्याच मापाने केली, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या धरतील. वाल्मीरने डाव्या चाकाला हात लावला. चाक फिरलं, थांबवलं तेव्हा थांबलं, सोडलं तेव्हा परत फिरलं.

तो उठला, हात पुसले आणि टेबलाकडे गेला. किल्ली उचलली. आता हाच बसणार, असं मार्लीला वाटलं, आणि तिला त्यात काही वावगंही वाटलं नाही. पण त्याने ती बापापुढे धरली.

"ट्रॅक्टर तुमच्या हातून सुटला नव्हता," तो म्हणाला. "त्यामुळे शब्द अजून लागू होत नाही. घ्या."

एर्मेलिंदोंनी किल्ली घेतली. बराच वेळ ती तळहातावर ठेवून बघत राहिले. एवढ्याशा पितळेत एवढं काय बघण्यासारखं आहे, असं एखाद्या परक्या माणसाला वाटलं असतं.

"हातून सुटला नव्हता," ते म्हणाले. "पायातून सुटत होता. ते शब्दात नव्हतं, शब्द देताना मला सुचलं नव्हतं. पण तेवढ्याने ते खोटं ठरत नाही." त्यांनी किल्ली मार्लीपुढे केली. "तू नीट केलास. उतारावर तूच तपासून बघ."

मार्लीने आधी नवऱ्याकडे पाहिलं. इदासीर तिच्याआधीच मान हलवत होता. मग तिने वाल्मीरकडे पाहिलं.

"मी ट्रकने मागे येतो," वाल्मीर म्हणाला. हॅट अजून त्याच्याच डोक्यावर होती. "खूप मागे."

मळकी पँट काढायला वेळ नव्हता. तिने बॉनेटवर तेविसावं फूल खोचलं आणि सीटवर बसली. इदासीर आणि जेनोएफाबाई ट्रकमध्ये चढले. उजव्या मडगार्डवर, जिथे चाळीस वर्षं या घरच्या बायका बसत आल्या, तिथे एर्मेलिंदो कोट सावरत बसले, दोन्ही पाय मार्लीच्या पायांशेजारी पत्र्यावर.

फाटकातून ट्रॅक्टर सरळ बाहेर पडला. खालून चॅपेलची घंटा ऐकू आली, मग ट्रकांचे भोंगे. पहिल्या वळणाच्या अलीकडे मार्लीने दोन्ही पेडलं एकमेकांना जोडली आहेत ना ते पाहिलं आणि पाय ठेवला. दोन बोटं रिकामी गेली. मग ब्रेकने धरलं, दोन्ही चाकांना सारखं, आणि ट्रॅक्टर हळू झाला.

तेव्हाच तिला शेजारी हालचाल जाणवली. म्हाताऱ्याचा उजवा पाय पत्र्यावर दाबला जात होता, जिथे काहीच नव्हतं तिथे. दुसऱ्या वळणालाही तसंच. तिच्यापेक्षा क्षणभर आधी तो पाय दाबला जायचा आणि तीच जागा बरोबर असायची. तिला मात्र तिथे पोहोचल्यावर कळायचं.

ते दरीकडे बघत होते. आपला पाय काय करतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं, किंवा असेलही.

तिसऱ्या वळणापासून मार्लीने रस्ता बघितला, पण ब्रेक त्या पायाबरोबर दाबला. चॅपेलपर्यंतची उरलेली सगळी वळणं ती तशीच उतरली.